माळ्यावरच्या कॅसेटी: लावण्याआधी बघा

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: माहेरचं जुनं घर आवरताना माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा ऑडिओ कॅसेटी आणि दोन व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटी सापडल्या. बऱ्याच कॅसेटींवर वडिलांच्या अक्षरात १९८६ ते १९९३ मधल्या तारखा आहेत. वडील आता नाहीत. एका कॅसेटची फीत तुटली आहे आणि एका व्हीएचएसच्या आत पांढरं काहीतरी दिसतंय. यूएसबीचा कॅसेट प्लेअर मागवलाय, तो उद्या येईल. लगेच लावून बघू का? तीन कॅसेटी विकतच्या गाण्यांच्या आहेत, त्या टाकून देऊ का? आणि हे सगळं आईला ऐकवावं का? सोबत डब्याचा एक फोटो आहे.

ताई, प्लेअर येऊ द्या, पण त्यात वडिलांची कॅसेट घालू नका. आधी गेली तरी हळहळ वाटणार नाही अशी कुठलीही कॅसेट शेजारून मागून आणा आणि ती लावा. तीसेक वर्षं एकाच जागी गुंडाळून पडलेली फीत पहिल्यांदा फिरते तेव्हाच तिचं जे व्हायचं ते होतं. माझ्याकडे चुरगळलेल्या आणि तुटलेल्या फिती येतात, त्यातल्या थोड्याच माळ्यावर बिघडलेल्या असतात. बाकीच्या सापडल्या त्याच संध्याकाळी, सगळे गोळा झालेले असताना, ‘अरे लाव ना’ म्हणून लावलेल्या असतात.

मी १९९१ पासून टेपरेकॉर्डर दुरुस्त करतोय. आधी बेल्ट आणि हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, बदलायचो, गेली सतरा-अठरा वर्षं लोकांच्या घरगुती कॅसेटी संगणकावर उतरवून देतो. या कामात मशीनपेक्षा डोळे जास्त वापरावे लागतात, म्हणून आधी बघण्याबद्दल सांगतो.

कॅसेट खिडकीजवळ उजेडात आडवी धरा. मधल्या पारदर्शक पट्टीतून फितीचा गोल दिसेल. तो तबकडीसारखा सपाट आणि चकचकीत हवा. कडा वरखाली झालेल्या दिसल्या, पांढरट भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. मग उघडी बाजू बघा. मधोमध फितीच्या मागे एका पातळ स्प्रिंगवर फेल्टचा चिमुकला चौकोन असतो. फीत हेडवर दाबून धरायचं काम त्याचं. जुन्या कॅसेटींत त्याचा गोंद वाळून तो गळून पडतो, आणि मग आवाज रजईखालून आल्यासारखा येतो. लोकांना वाटतं रेकॉर्डिंग गेलं. ते गेलेलं नसतं. फीत दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात घातली की बहुतेक वेळा आवाज परत येतो.

हे झाल्यावर पेन्सिल घ्या. तुमच्या-माझ्या पिढीला हे शिकवायला नको. दोन्ही चाकं थोडी थोडी फिरवून बघा. हलकी फिरली तर ठीक, पण अडकत असतील तर जोर लावू नका. फिलिप्सने १९६३ मध्ये ही कॅसेट आणली तेव्हापासून फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटरच आहे, जाडी मात्र कमी होत गेली. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत सुमारे १८ मायक्रॉन जाड असते, नव्वदची १२ आणि एकशेवीसची जेमतेम ९. आपल्याकडे काटकसरीपोटी नव्वदची आणि एकशेवीसची घ्यायची पद्धत होती, म्हणजे नेमक्या महत्त्वाच्या कार्यक्रमांना सगळ्यात नाजूक फीत वापरली गेली. अशा कॅसेटी फास्ट फॉरवर्ड किंवा रिवाइंड करू नका. प्लेवरच एकदा पूर्ण जाऊ द्या.

अजून एक गोष्ट, आणि ही सगळ्या कॅसेटींना लागू आहे. कॅसेटच्या पाठीवर, म्हणजे फीत दिसते त्याच्या विरुद्ध कडेला, दोन टोकांना दोन चौकोनी जागा असतात. तिथलं प्लॅस्टिकचं जिभलीसारखं चकतं जागेवर असेल तर त्या कॅसेटवर रेकॉर्ड होऊ शकतं, तोडलेलं असेल तर रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. तुमच्या घरच्या कॅसेटींची चकती आजच तोडून टाका, दोन्ही बाजूंची. चुकून लाल बटण दाबलं गेल्यामुळे आजोबांच्या आवाजाच्या मध्यावर नातवाचे चार सेकंद ‘हॅलो हॅलो’ आलेले मी ऐकलेत. त्या चार सेकंदांखालचं परत आणायला माझ्याकडे उपाय नाही, कुणाकडेच नाही.

तुटलेल्या फितीला घाबरू नका. तो सगळ्यात सोपा आजार आहे. फक्त सेलोटेपने जोडू नका. तिचा गोंद पाझरतो, शेजारच्या वेढ्यांना लागतो आणि वर्षा-दोन वर्षांत आख्खा गोल चिकटतो. जोडायची खास पट्टी मिळते, ती फितीच्या मागच्या बाजूला लावायची. तुटलेलं टोक आत ओढलं गेलं असेल तर कवच उघडावं लागतं. स्क्रूचं असेल तर घरी जमेल. कवच चिकटवून बंद केलेलं असेल तर कुणा जाणकाराला द्या.

आता तुमच्या प्लेअरबद्दल. त्या डबीत मोटर बारीकशी असते, वेग स्थिर राहत नाही आणि हेडचा कोन बदलायची सोय बहुधा नसते. हा कोन म्हणजे आमच्या धंद्यातलं अर्धं गुपित. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो. त्या काळी घरोघरी रेडिओ आणि टेप एकत्र असलेले जे टू-इन-वन होते त्यांचे हेड थोडे तिरके असायचे, प्रत्येकाचा तिरकेपणा वेगळा. त्याच घरात, त्याच मशीनवर ऐकताना काही जाणवायचं नाही. दुसऱ्या, सरळ हेडच्या मशीनवर लावलं की ‘स’, ‘श’, ‘च’ सगळे बोथट. मी हेडफोन लावून, दोन्ही चॅनेल एकत्र करून तो स्क्रू केसभर फिरवतो. एका जागी धुकं निघून गेल्यासारखा आवाज उघडतो, बांगड्यांचा किणकिणाट ऐकू यायला लागतो. तिथे थांबायचं. पुढच्या कॅसेटला परत पहिल्यापासून. सॉफ्टवेअरमध्ये कितीही बटणं फिरवली तरी जे हेडने उचललंच नाही ते नंतर येत नाही.

म्हणून नातेवाइकांत कुणाकडे चांगला कॅसेट डेक पडून असेल तर तो शोधा. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी अजून मिळून जातात. बेल्ट नवे घाला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. आणि फार रेंगाळू नका. युनेस्को आणि जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांच्या संघटनेने २०१९ मध्ये चुंबकीय फितींबद्दल एक इशारा दिला होता. फिती किती टिकतील याच्याइतकीच त्यांना चिंता होती ती मशीनं, त्यांचे भाग आणि दुरुस्त करणारी माणसं संपत चालल्याची. माझ्या ओळखीत पिंच रोलर, म्हणजे फीत ओढणारं रबरी चाक, बदलणारे तिघे होते. आता मी धरून दोघे.

उतरवताना डब्ल्यूएव्ही फाइल करा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. तासाला साधारण एक जीबी होते, म्हणजे तुमच्या अकराही कॅसेटी वीस जीबीच्या आत बसतील. एवढ्या जागेसाठी एमपीथ्रीची काटकसर कशाला? ती प्रत ग्रुपवर पाठवायला वेगळी करा. घरचा टेप मोनो असला तरी स्टिरिओतच उतरवा, कारण मोनोचा एकच रुंद पट्टा स्टिरिओ हेड दोन भागांत वाचतं. फितीची एक कड खराब असेल तर दुसरा चॅनेल स्वच्छ निघतो. मी अशा कितीतरी कॅसेटी नुसत्या डाव्या कानावर वाचवल्यात.

वेगाचं एक त्रांगडं तुम्हाला नक्की भेटेल. दिवे गेले असताना सेलवर रेकॉर्ड केलं असेल आणि सेल उतरत आलेले असतील, तर तेव्हा फीत हळू फिरलेली असते. आज सरळ वेगात लावली की वडील चिमणीच्या आवाजात बोलतात, आणि कॅसेट पुढे जाईल तशी चिमणी अधिकच घाईत येते. दुरुस्त करायचं तर मोजायला काहीतरी खूण लागते. पुस्तकी उपाय असा की मागची विजेची घरघर ५० हर्ट्झवर आणायची. पण सेलवरच्या रेकॉर्डिंगात ती घरघर असतेच कुठे, आणि त्या काळात आपल्याकडे विजेची वारंवारिता ५० च्या खालीवर बरीच डोलायची. मी घरच्या पेटीवर भरवसा ठेवतो. एका कॅसेटवर हरतालिकेच्या रात्रीची गाणी होती, पेटीवर. ती पेटी त्या घरात अजून होती. काकूंनी फोनवर काळी चार दाबून धरली, मी कॅसेट तिच्याशी जुळवली, आणि पंधरा मिनिटांनी त्यांनी फोनवरच सांगितलं, ‘आता ह्या आमच्या सासूबाई.’

आता जे खरं सांगायचंय ते. कॅसेट साफ करू नका.

हे मी ठेच लागून शिकलोय. या कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका घरच्या बारशाची कॅसेट आली. पाळणा, नाव ठेवणं, कुर्र, मग कुणीतरी टेप बंद करायला विसरलं होतं, म्हणून पुढे बारा मिनिटं नुसतं भांडी, पाट सरकवणं, लांबचं बोलणं. मला वाटलं, लोकांना नीटनेटकं द्यावं. ती बारा मिनिटं कापली, फसफस काढली, छान सीडी करून दिली, आणि मूळ कॅसेट आता ठेवायची गरज नाही असंही सांगितलं. चार वर्षांनी ती बाळाची आई परत आली. तिची आई नुकतीच गेली होती. कॅसेटच्या शेवटी आई आत दूधवाल्याशी हुज्जत घालते ते तिला पाठ होतं, दहा वेळा ऐकलेलं. ‘कार्यक्रमात आई कुठेच बोललेली नाही हो,’ ती म्हणाली. ‘ती सगळा वेळ आतच होती.’ कॅसेट त्यांनी माझ्या शब्दावर टाकली होती आणि माझ्या संगणकावरची मूळ फाइल मीच पुसली होती.

तेव्हापासून मी काहीही कापत नाही. टेप चालू झाल्याच्या ‘खट’पासून बंद होण्याच्या ‘खट’पर्यंत सगळं ठेवतो. मुद्दाम रेकॉर्ड केलेल्या भागात माणसं माईकसमोर उभी असतात, घसा खाकरून, शाळेच्या संमेलनातल्यासारखी. घर ऐकायचं तर ते मागे असतं. पंप मारलेल्या स्टोव्हचा आवाज, हापशाची कुईकुई, ‘अगं हळू, रेकॉर्ड होतंय’ असं दबकं ओरडणं. आणि बायकांचे आवाज बहुधा मागेच असतात, कारण माईक पुरुषांच्या हातात असायचा. फसफस काढणारी सॉफ्टवेअरं ज्याला कचरा समजतात त्यातच हे बसलेलं असतं. ऐकायला सोपी अशी एक साफ प्रत खुशाल करा, पण मूळ उतरवलेल्या फाइलला हात लावू नका. तिची प्रत दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या भावाकडे. मूळ कॅसेटीही ठेवा, उभ्या, कपाटात, सिलिकाच्या पुड्या घालून. डांबराच्या गोळ्या घालू नका, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक खराब होतं.

मागच्या आवाजांचा दुसरा उपयोग तारखेचा. वडिलांनी लिहिलेल्या तारखेवर फार विसंबू नका. लेबल आधी लिहिलेलं असतं, वरून तीनदा रेकॉर्ड झालेलं असतं. मागे रेडिओ असेल, टीव्ही असेल तर कान द्या. एका कॅसेटवर १९८५ लिहिलं होतं, पण मागे शेजारच्या टीव्हीवर ‘रामायण’ चालू होतं. ती मालिका २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली, म्हणजे त्याआधीचं ते असूच शकत नाही. त्यावरून घरच्यांचा दोन वर्षांचा गोंधळ सुटला.

कुणाचा आवाज कुठला हे विचारायला घरातलं सगळ्यात वयस्क माणूस जवळ बसवा आणि फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करत राहा. यात दिरंगाई नको. कॅसेट अजून दोन वर्षं थांबेल. दापोलीच्या एका कुटुंबाने कुवेतहून आलेल्या कॅसेटी आणल्या होत्या. वडील तिथून बोलून पाठवायचे, घरचे त्याच कॅसेटवर उत्तर भरून परत पाठवायचे. म्हणजे प्रत्येक कॅसेटवर फक्त शेवटचं उत्तर उरलेलं. त्यातल्या एकीवर एक मुलगा चार मिनिटं काहीतरी हिशेब सांगतो, जहाजाच्या भाड्याचा. तो कोण हे ओळखणारी एकच आत्या होती, आणि ते माझ्याकडे आले ते ती गेल्यावर, तिच्या चाळिसाव्या दिवसानंतर. तुमच्याकडे आजीच्या ओव्या वगैरे असल्या तर शब्द लगेच उतरवून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तरी तुमच्या आजीने भावाच्या नावाने रचलेली ओवी त्यात असेलच असं नाही.

व्हीएचएसबद्दल थोडक्यात, कारण ती घरी करायची गोष्टच नाही. ते पांढरं म्हणजे बुरशी. दमट हवेत आणि पुरात भिजलेल्या घरांत सर्रास दिसते. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी हेडवर बसते, आणि हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या मारत असतो, फितीला पार ओरबाडतो. शिवाय पुढची चांगली कॅसेटही बाटते. दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत, कोरड्या जागी ठेवा आणि फीत बाहेर काढून पुसणारा माणूस शोधा. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी जुलै २०१६ मध्ये थांबली, त्यामुळे ज्याच्याकडे चालू मशीन आहे त्याला जपा. उतरवणाऱ्याला एवढंच सांगा की ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी, मूळ आहे तसं. ‘एआय लावून फोर-के करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. व्हीएचएसवर लांबून टिपलेला चेहरा जेमतेम वीस-तीस ठिपक्यांचा असतो, बाकीचा चेहरा ते यंत्र स्वतःच्या मनाने भरतं. एका लग्नाच्या शूटिंगमध्ये आजोबांना त्याने असे सरळ दात बसवले होते की आजींनी ‘हे कोण पाहुणे?’ विचारलं.

आईबद्दल तुम्ही विचारलंत. मी डॉक्टर नाही, पण काउंटरपलीकडे बसून पुष्कळ चेहरे पाहिलेत. फोटोची माणसाला सवय झालेली असते, तो भिंतीवर असतो. आवाजाची नसते. अचानक, चार माणसांत, वाढदिवसाची भेट म्हणून लावू नका. आधी नुसतं सांगा की बाबांच्या आवाजाच्या कॅसेटी मिळाल्यात. काही बायका त्या दिवशी विषय बदलतात आणि तीन आठवड्यांनी स्वयंपाक करता करता ‘ते काय झालं कॅसेटींचं?’ विचारतात. तेव्हा फोन त्यांच्या हातात द्या, बंद करायचं बटण कुठलं ते दाखवा आणि तुम्ही शेजारी बसा. आधी तुम्ही एकट्याने सगळं ऐकलेलं असायला हवं. घरगुती कॅसेटींवर नुसत्या कविता आणि पाढे नसतात. वाटणीवरून झालेलं भांडण मुद्दाम टेप लपवून रेकॉर्ड केलेलं मी दोनदा ऐकलंय, आणि दोन्ही वेळा ते कुटुंबाच्या ग्रुपवर जाता जाता राहिलं.

तुम्हाला स्वतःलाही एक धक्का बसेल, तो तुमच्या बोबड्या आवाजाचा नव्हे. १९८६ मधले तुमचे वडील आज तुमच्यापेक्षा लहान निघतील. ऐकणारे बहुतेक जण तिथे प्लेअर थांबवतात आणि मला पाणी मागतात.

राहता राहिल्या गाण्यांच्या तीन कॅसेटी. विकतच्या कॅसेटला ती चकती नसते, कंपनीतून भोकं उघडीच येतात, कुणी वरून भरू नये म्हणून. घरी त्यावर रेकॉर्ड करायचं असलं की लोक भोकांवर कागदाचा बोळा किंवा चिकटपट्टी लावायचे. तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. डावीकडून तिसरी, भावगीतांची, जिच्यावर तुम्ही ‘टाकणे’ लिहिलेली चिठ्ठी लावलीय, तिच्या पाठीवर पिवळी पडलेली पट्टी दिसतेय, एकाच भोकावर. पाठ वर आणि फीत खाली अशी कॅसेट समोर धरलीत आणि पट्टी डाव्या हाताला आली, तर तुमच्यासमोर जी बाजू आहे तिच्यावर कुणीतरी काहीतरी भरलंय. ती टाकू नका. आणि गाणी संपली म्हणून बंदही करू नका, फीत संपेपर्यंत चालू द्या.